परत एकदा हाळी द्या

"टी-शर्ट काढ," अध्यक्ष म्हणाले.

शाळेचं मैदान माणसांनी भरलेलं. स्पर्धेची सकाळ, जानेवारीची थंडी. माझ्या अंगात पळणाऱ्या क्लबनं दिलेला पिवळा टी-शर्ट, पाठीवर ‘कोच’ छापलेलं. शाळा माझी दुसरीतच सुटली, पण तेवढा शब्द मला वाचता येतो. आदल्या दिवशी टी-शर्ट खाटेवर पसरून मी तो चार वेळा वाचला होता.

"पुण्यावरनं सर आलेत. सर्टिफिकेटवाले. कोचचा एकच छापलाय. काढ लवकर."

मी काढला. हो, काढला. लपवणार नाही. वय पासष्ट, छातीवर पांढरे केस, बरगड्या वर आलेल्या. पुढच्या रांगेत माझी बायको आणि सून बसलेली. त्यांना मीच बोलावलं होतं.

का बोलावलं, तेही सांगतो. चार दिवस आधी अध्यक्षांनी गेटवर गाडी थांबवली. काचेतनंच म्हणाले, "रविवारी तुझं घोंगडं आन काठी घेऊन ये. स्टेजवर काम हाय." मला वाटलं, सत्कार. आम्ही धनगर. आमच्यात मोठ्या माणसाला घोंगडं अंथरून बसवतात, तोच मान. मी बापाचं घोंगडं काढलं. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून त्याला खळ दिली. दोन दिवस उन्हात टाकलं. बायको म्हणाली, "नारळ देत्याल का वो?" म्हटलं, "देत्याल की. शाल पण देत्याल."

मी त्या शाळेचा वॉचमन. अध्यक्ष शाळेच्या संस्थेवर, द्राक्षाचे बागायतदार, आणि पळणाऱ्या क्लबचे पण अध्यक्ष. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. मला अरे-तुरे.

पळायला मी लागलो पन्नाशीला. साखर निघाली. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "चाला, न्हायतर पाय जाईल." माझ्या चुलत्याचा असाच गेला होता, पाहिला होता मी. ड्युटी संपली की मैदानाला चकरा मारायचो. आधी चालत, मग पळत. पोरं गेटवरनं ओरडायची, "वॉचमनच्या मागं कुत्रं लागलं रे!" मी थांबलो नाही. आपला स्वभावच तसा. दोन वर्षांत आमच्या अवसरीहून पार मंचरपर्यंत पळत जायचो आणि पळतच यायचो.

मग दातांच्या डॉक्टरीण बाई आल्या. मैदानाच्या अर्ध्या चकरेत धाप. म्हणाल्या, "काका, तुम्हाला कसं जमतं हो?" मी शिकवलं. मला येत होतं ते एकच. माझा बाप कळपाच्या मागं चालायचा, आणि सगळ्यात लंगडं मेंढरू ज्या चालीनं जाईल त्या चालीनं कळप न्यायचा. तसंच पळायचं. शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की पाय हळू करायचा. बाई पळायला लागल्या. त्यांनी अध्यक्षांना आणलं, इंजिनिअरला आणलं, दुकानदार आले. तीस माणसं झाली. पहाटे साडेपाचला मी सगळ्यात मागं. दहा वर्षं. कुणाचा गुडघा गेला नाही, कुणी चक्कर येऊन पडलं नाही. पुण्याला जाऊन मेडल आणायचे, गळ्यात घालून फोटो काढायचे. फोटोच्या वेळी त्यांचे बूट-पिशव्या मी सांभाळायचो. ते मी दहा वर्षं केलं, आणि मला त्यात काही वाटलं नाही. त्याचीच आज जास्त लाज वाटते.

तर, टी-शर्ट गेला. पुण्याच्या माणसानं तो घातला. अध्यक्ष म्हणाले, "आता घोंगडं घे खांद्यावर. काठी घे. आमी सगळे लायनीत उभं राहतो. तू मेंढरांना देतो तशी हाळी द्यायची, मग आमी पळत सुटणार. रील बनवायचंय. लई चालतंय आजकाल."

डॉक्टरीण बाई मोबाईल धरून समोर.

उघड्या अंगावर घोंगडं टोचत होतं. मी तोंड उघडलं. "हुर्रर्र… हाऽ! हुर्रर्र!" बाप द्यायचा तशीच आली. मैदान हसून लोटपोट. कुणीतरी "बेंऽऽ" केलं. माईकवाला म्हणाला, "ओरिजिनल आहे राव!" पुढच्या रांगेत सुनेनं पदर तोंडावर घेतला. बायको मात्र वाट बघत होती. तिला अजून वाटत होतं, नारळ यायचाय.

"अय्यो," डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "रेकॉर्डच झालं नाही. काका, परत एकदा हाळी द्या ना. प्लीज."

पहिली हाळी मी भुलून दिली. दुसरी कळून द्यावी लागणार होती.

"न्हाई," मी म्हणालो.

"दे की रे," अध्यक्ष. "तोंड झिजतंय का तुझं?"

"तुमी मेंढरं असता तर दिली असती. मेंढरू वळखतं, आपल्या मागं कोण चालतंय ते."

माईक जवळच होता. सगळ्यांनी ऐकलं. मी बायकोला म्हणालो, "ऊठ." मैदानाच्या मधनं, पळणाऱ्यांची लाईन फोडून, आम्ही तिघं गेटाबाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी गेटची किल्ली काढून घेतली, नोकरी गेली. बायको म्हणाली, "अजून एकदा वरडला असता तर काय मेला असता का?" दोन वर्षं झाली, अजून विचारते.

आता मी कालव्याच्या भरावावर पळायला शिकवतो. शाळेत झाडू मारणारी सुमन पहिली आली. मग पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरी. द्राक्षाच्या पॅकिंगला जाणाऱ्या बाया साडी खोचून येतात. अठरा जणी आहेत. मला सर म्हणतात. म्हणा, असं मीच सांगितलं.

गेल्या महिन्यात डॉक्टरीण बाई आल्या. लंगडत. पुण्याच्या सरांनी पहिल्याच वर्षी घड्याळ लावून पळवलं, गुडघा गेला. म्हणाल्या, "काका, सोडा ना आता ते. गंमत होती. मला परत पळायचंय."

मी म्हणालो, "त्याच मैदानावर, त्याच लोकांपुढं माईक घ्या. ‘मला कोणी शिकवलं आणि मी त्याचं काय केलं’, ते सांगा. मग या. सुमनच्या मागं उभं राहायचं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बघितलं, आणि पोरींना पळा म्हणालो.

माझ्याकडं शिकणं फुकट आहे. झाडूवालीला, मजुरणीला, साखर झालेल्या कुठल्याही म्हाताऱ्याला. पण त्या दिवशी जे हसले त्यांनी आधी माईक घ्यायचा. तोवर त्यांचे गुडघे त्यांच्यापाशी. लंगडत आले तरी मी हात देणार नाही. लोक म्हणतात, म्हातारा निर्दयी झाला. झालो. आणि तसाच मरणार आहे.