बारवेतले मासे

जावयाने परभणीच्या घरामागे छोटा हौद बांधून त्यात रंगीत कोई मासे सोडलेत. परवा त्याने माझ्या हातावर त्यांचं खाद्य ठेवलं. मासे तोंडं उघडून वर आले. मी मूठ रिकामी केली आणि आत निघून गेले.

मला आमच्या गावची बारव आठवली. मी तेव्हा नऊ वर्षांची असेन. धाकट्या भावाला तापात झटके येऊ लागले, म्हणून वडील आणि काका त्याला परभणीच्या दवाखान्यात घेऊन गेले होते. आई बारवेतल्या माशांना कणकेच्या गोळ्या घालायचा नवस बोलली आणि भाऊ परत यायची वाट न बघता तो फेडायलाही निघाली. परातभर कणीक मळून आम्ही दोघी खालच्या पायरीवर बसलो. पाणी तळाला गेलेलं, हिरवं, वास मारणारं. नवस फेडताना मध्येच उठायचं नसतं.

तेवढ्यात काका एकटेच पायऱ्या उतरून आले. टोपी हातात होती.

"वहिनी," ते म्हणाले.

आईने एकदाच त्यांच्याकडे बघितलं. "कणीक हाय अजून, भावजी. संपू द्या."

काका पायरीवर टेकले. मी भराभर गोळ्या टाकू लागले, तर आईने माझं मनगट धरलं. "लय मोठ्या करायलीस. बारीक कर."

ती स्वतः ज्वारीएवढ्या, पुढे मोहरीएवढ्या गोळ्या वळत राहिली. मासे खात होते. मला वाटलं, सगळ्या माशांना पुरवायचं असेल. आता कळतं, कणीक होती तोवरच तिचं पोरगं जिवंत होतं.

परात रिकामी झाली. कडेला चिकटलेलं पीठही तिने नखाने खरवडून पाण्यात टाकलं, हात धुतले आणि म्हणाली, "सांगा आता."