उष्टं ताट

सात वर्षं माझी बायको माझ्या उष्ट्या ताटात जेवली आणि मला ते प्रेम वाटत होतं. आज हे लिहितानाही मला स्वतःची किळस येते.

आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिलाच. तालुक्याच्या शाळेतल्या मास्तरांनी हाताला धरून शिकवलं, म्हणून पुण्यात नोकरी लागली, वाघोलीत दोन खोल्या भाड्याने घेता आल्या. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. पण लग्नानंतर पहिल्याच दिवशी आईने सुनेला माझ्या ताटावर बसवलं, तेव्हा हा शिकलेला माणूस हात धुऊन वर्तमानपत्र वाचत बसला. आई स्वतः वडिलांच्या ताटात जेवायची. ती गावी परत गेली, पण रीत आमच्याकडे राहिली.

मग एका दिवाळीला बायको कसबा पेठेत माहेरी गेली, ती आलीच नाही. तीन महिन्यांनी तिचा निरोप आला. नारायण पेठेत एक बाई कुटुंबांचं समुपदेशन करतात, त्यांच्याकडे दोघांनी जायचं. परतायचं की नाही ते ती नंतर ठरवणार. घरातलं परक्यासमोर काढायचं मला जिवावर आलं. तरी गेलो.

बाईंचा नियम साधा होता. एकाने बोलायचं. दुसऱ्याने ते आधी जसंच्या तसं परत सांगायचं, उत्तर त्यानंतर.

पहिले दोन बुधवार किरकोळ बोलण्यात गेले. तिसऱ्या बुधवारी ती जमिनीकडे बघत म्हणाली, "मला तुमच्या उष्ट्या ताटाची किळस येते."

मी बाईंकडे वळलो. "म्हणजे माझी आई मागासलेली, असं हिचं म्हणणं आहे."

"असं त्या म्हणाल्या नाहीत. आणि मला नका सांगू, त्यांना सांगा."

"तुला माझ्या उष्ट्या ताटाची किळस येते," मी म्हणालो.

"तुम्ही चावलेल्या शेंगांचे चोथे मी बोटाने बाजूला सारते आणि तिथेच भात वाढून घेते. तुम्हाला सर्दी असली तरी."

हेही मला माझ्या तोंडाने म्हणावं लागलं. सर्दीसकट. मग मी म्हणालो, "पण एक ताट कमी घासावं लागतं ना..."

"वाघोलीला पाणी येत नाही का?" बाईंनी शांतपणे विचारलं.

त्या रविवारी ती फक्त जेवायला म्हणून घरी आली. शेवग्याच्या शेंगांची आमटी मीच केली होती. ती आधी जेवली. मग कुणी सांगितलं नसताना मी तिचं ताट पुढे ओढलं. कडेला चोथे, मध्ये लाळेने ओला झालेला भात. एक घास तोंडात घातला आणि मोरीकडे धावलो.

तोंड पुसत परत आलो, तर ती तशीच बसली होती.

"मी निदान मोरीपर्यंत पळत नव्हते," ती म्हणाली.

मग उठून तिने फळीवरचं स्वच्छ ताट काढलं आणि मला वाढलं. मी जेवलो. दोन्ही ताटं मी घासली. चोथे हाताने उचलून टाकले. दारात चपला घालताना ती म्हणाली, "बुधवारी साडेपाचला. उशीर करू नका."

राहायला ती आणखी चार महिन्यांनी आली. येताना स्वतःचं ताट घेऊन आली.