वरच्या शेताचं पाणी

त्या तळ्याचं कुणी कौतुक केलं की मी विषय बदलते. चहा मागवते, समोरच्याच्या मुलांची चौकशी करते, काहीही करते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

नव्या वसाहतींची जमीन, झाडं, पाणी आखून देणं हा माझा धंदा. मी भिवंडीत वाढले, लूमच्या खडखडाटात अभ्यास केला. आमच्याकडे बांधकाम म्हणजे काय असतं ते लहानपणापासून पाहत आले. भाताचं शेत घ्यायचं, डंपरने भराव टाकायचा, सगळं सपाट करायचं आणि वर पत्र्याचं गोदाम ठोकायचं. त्यामुळे भिवंडीबाहेर, शेलारच्या पुढे एका गावाच्या कडेला घरांचं काम आलं आणि बिल्डर म्हणाला, "मॅडम, या वेळी आधी जमीन बघा, घरं तिच्याप्रमाणे बसवू," तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. मी उतार जसाच्या तसा ठेवला. बांधावरची झाडं एकेक करून नकाशावर घेतली. घरं वरच्या अंगाला, खाली तळं. मी भराव टाकणाऱ्यांतली नाही, असं येईल त्याला ऐकवत नाकाने कांदे सोलत होते.

जमीन नुसत्या कागदावरून कळत नाही, तिच्यावर पावसात राबलेल्या माणसाला विचारावी लागते, ही माझी पद्धत. गावाने मला एका मावशींकडे पाठवलं. सत्तरीच्या आसपास, आडवं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, बोलण्यात एकदम रोखठोक. नवरा केव्हाच गेला होता, मुलगा कशेळीला गोदामात ड्युटी करायचा. वरची सगळी शेतं विकली गेली होती आणि त्याच जागेवर आमची घरं होणार होती. मावशींचा एकच तुकडा उरला होता, आमच्या हद्दीच्या अगदी खाली. वर्षाचा भात त्यातूनच घरात यायचा, म्हणून त्यांनी तो कुणाला दिला नव्हता.

दोन दिवस सकाळी भर पावसात मावशींनी मला सगळा उतार फिरवला. मी गमबूट घालून घसरत होते, त्या अनवाणी पुढे. पाणी कुठून येतं, कुठे थबकतं, कुठे बांधाला खाच पाडायची, सगळं काठीने दाखवलं.

"पानी वरच्याचं न्हाय न् खालच्याचं पन न्हाय," त्या म्हणाल्या. "वरच्याची आवणी झाली का त्यानं बांध फोडायचा, खालच्याला पानी सोडायचा. मागाया पन लागायचं न्हाय."

"हे कुठे लिहिलेलं आहे का, मावशी?"

त्या खळखळून हसल्या. "कागुद कशाला? बांध हाय ना!"

मी मात्र सगळं कागदावर लिहून घेतलं. तळं नेमकं कुठे खणायचं, हे मला त्यांच्या काठीमुळेच कळलं. पिढ्यान्‌पिढ्यांचं त्यांचं शहाणपण मला दोन दिवसांत मिळालं आणि आराखड्यावर नाव लागलं माझं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय म्हणणार?

निघताना त्यांनी विचारलं, "मंग माझे शेतावर पानी येल ना, बाय?"

"येईल, मावशी. मी स्वतः बघेन."

आणि मी खरंच आराखड्यात तळ्याच्या खालच्या भिंतीत एक लोखंडी दार काढलं. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत ते उघडायचं, म्हणजे पाणी थेट मावशींच्या शेतात उतरेल. पोरं खेळताना उघडतील म्हणून त्याला कुलूप, आणि काम पुरं होईपर्यंत कधी उघडायचं ते मी सांगायचं, असं ठरलं.

पुढच्या वर्षी तळं झालं आणि नेमकी ऐन आवणीच्या तोंडावर पावसाने दडी मारली. तळ्यात पाणी होतं, खालची शेतं मात्र कोरडी पडायला लागली. त्याच सुमारास नमुन्याचं घर लोकांना दाखवायचा कार्यक्रम ठरला, आठ दिवसांनी, रविवारी. बिल्डरच्या माणसाचा फोन आला. "त्या खालच्या मावशी दार उघडा म्हणतायत. उघडायचं का? तुम्ही म्हणाल तसं."

तुम्ही म्हणाल तसं. बिल्डरवर ढकलायची सोयसुद्धा राहिली नाही. मी तेव्हा काठावर उभी होते. दार उघडलं असतं तर पाणी खाली गेलं असतं आणि काठचा सगळा चिखल उघडा पडला असता. फोटोग्राफर येणार होता. माझ्या ओळखीचे चार लोक मी मुद्दाम बोलावले होते. मला ते तळं भरलेलं हवं होतं. बिल्डरला हवं होतं की नाही, मी विचारलंही नाही.

"रविवारपर्यंत राहू दे," मी म्हणाले.

मग वॉचमनचे फोन सुरू झाले. "मॅडम, वो चाची फिर आई है. बोलती है रोप खराब हो रहा है."

"सोमवार को खोलेंगे, बोल दो."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि माझंही तेच उत्तर. तिसऱ्या वेळी मी फोन उचललाच नाही. भाताचं रोप वेळेत उपटून लावलं नाही तर जून होतं आणि मग त्याला फुटवे येत नाहीत, हे मला माहीत होतं. मावशींनीच सांगितलं होतं.

रविवार छान झाला. सोमवारी सकाळी मी स्वतः जाऊन दार उघडलं. वरातीमागून घोडं! पाणी उतरलं तशा मावशी दोन बायकांना घेऊन शेतात आल्या आणि पिवळं पडलेलं रोप लावायला वाकल्या. मी बांधावर जाऊन उभी राहिले आणि तोंडातून निघून गेलं, "पावसाने यंदा उशीर केला ना, मावशी."

त्यांनी मान वर केली. वॉचमनने त्यांना 'मॅडम सोमवारी उघडणार' असंच सांगितलं होतं. कुणी थांबवलं ते त्यांना ठाऊक होतं.

"होय तं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा वाकल्या.

दिवाळीच्या आधी शेत बघून आले. लोंब्या आखूड होत्या, हातावर चोळलं की निम्मे दाणे पोचट निघत होते. मला रडू आलं आणि त्या रडण्याचीही लाज वाटली.

दिवाळीनंतर मावशी साइटच्या ऑफिसात आल्या. फडक्यात बांधलेला नवा तांदूळ त्यांनी टेबलावर ठेवला. चांगला दोन-तीन किलो असेल.

"मावशी, हे कशाला? घरात तरी पुरेसं आहे का?"

"वरच्याचं हाय ते. ज्यानं पानी दिला त्याला नव्यातलं द्यायचं."

"नाही हो, मी नाही घेणार. यंदा तर मी..."

मावशींनी गाठ सोडली. आवाजात राग नव्हता, पण गोडवाही नव्हता. "उशिरा दिलास, पन दिलास. आता वरचं शेत तुझं. तू घेतलं न्हाय तं पुढल्या सालाला मी पानी कोनाकडं मागू?"

मी ओढणी पसरली, त्यांनी तांदूळ ओतला. "मागा, मावशी," मी म्हणाले. तळ्याचं माझं काम पुरं झालं होतं आणि दाराची चावी दोन दिवसांपूर्वीच मी नव्या घरांच्या सोसायटीच्या लोकांना सही करून देऊन टाकली होती.