पॅनकेक कोणी टाकत नाही

हिल्क्का रेपोने एकतीस वर्षं एकाच शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. रोज चारशे मुलांचं जेवण. मोठी पातेली ती ढकलत नसे, उचलत असे. ढकललं की सांडतं. दोन्ही मनगटं कामातून गेली, तरी पद्धत बदलली नाही. आणि हात लावून पाहिल्याशिवाय कोणाचं काही खरं मानायची नाही.

त्या हिवाळ्यात शाळेने उष्ट्याच्या बादलीखाली वजनकाटा ठेवला. महिन्यात सगळ्यांत कमी उष्टं टाकेल त्या वर्गाला आइस्क्रीम. आठवी ब पुढे निघाली. कलेजी-भाताच्या दिवशीसुद्धा त्यांची बादली जवळजवळ कोरडी.

"मावशी, बादली उपाशी राहिली बिचारी!" वेन्ला नावाची पोरगी जाताजाता म्हणाली.

हिल्क्का हसली नाही. कलेजीच्या दिवशी बादली भरली नाही, असं तिच्या आयुष्यात घडलं नव्हतं. मुलं गेल्यावर तिने वापरलेले कागदी रुमाल टाकायची पिशवी उचलली. ती जड लागली. काट्यावर फक्त बादली होती, पिशवी नव्हती. आत रुमालांचे बोळे, बोळ्यांत कलेजी.

तिने वर्गशिक्षक ताइस्तो यांना पिशवी दाखवली. बक्षीस त्याच दिवशी रद्द झालं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक. पिशवी हलकी होती, तरीही हिल्क्काने ती उलटी केली. एकच पुडी पडली. बोळा नव्हे, चारी कोपरे आत दुमडलेली, पत्र असावं तशी. आत अख्खा पॅनकेक, न चावलेला.

सूप टाकतात, ब्रेड टाकतात. पॅनकेक कोणी टाकत नाही. आणि आता तर जिंकायला काही उरलंही नव्हतं.

शुक्रवारी मुलं जेवत असताना ती टेबलं पुसत राहिली. स्वच्छ टेबल तिने तीनदा पुसलं. समोर सेल्या बसली होती, आठवी बमधली सगळ्यात नीटनेटकी मुलगी, उष्टं वाचवा समितीची प्रमुख. ताट शाळेने आखून दिलेल्या नमुन्याबरहुकूम वाढलेलं: अर्धं भाज्या, पाव बटाटे, पाव मासा. सेल्या कापत होती, सरकवत होती, बोलत होती. घास मात्र तोंडात जात नव्हता. खोली गरम, तरी अंगात दोन स्वेटर.

पिशवीपाशी हिल्क्काने तिला गाठलं. "काय आहे रुमालात?"

"मासा. आइस्क्रीमसाठी करतो ना आम्ही सगळे. चुकलं माझं, मावशी."

"आइस्क्रीम परवाच रद्द झालं."

हिल्क्काने तिचा हात धरला. फ्रीझरमधल्या माशासारखा गार.

"कधीपासून?"

"काय कधीपासून? मी घरी जेवते भरपूर. आईला विचारा." मग लगेच, घाईने, "नको, आईला नका विचारू."

"घरी सांगतेस शाळेत जेवले, आणि इथे सांगतेस घरी जेवते?"

"तुम्ही भांडी घासा ना! तुम्हाला काय करायचंय?"

बोलणं लागलं. खरंही होतं, ते तिचं काम नव्हतं. संशय चुकीचा निघाला तर पोरीची गावभर बदनामी होईल. बरोबर असला आणि आपण गप्प बसलो, तर हा हात आणखी गार होईल.

"चल, नर्सकडे. तू बोल. नाही बोललीस तर मी बोलेन."

सेल्या बोलली नाही. हिल्क्काने चार वाक्यांत सगळं सांगितलं आणि परत येऊन भांडी घासली.

वसंतात सेल्या हॉस्पिटलमधून परतली. दुपारच्या जेवणाला समोर एक मोठं माणूस बसायला हवं, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. शिक्षकांनी आपापली वेळापत्रकं चाळली. हिल्क्का ॲप्रन सोडून बसली.

दोन आठवडे सेल्या तिच्याशी एक शब्द बोलली नाही. मग एकदा बटाटा काट्याला टोचून म्हणाली, "अजून संशय घेता माझा?"

"घेते."

"या बटाट्याचाही?"

"तोंडात जाईपर्यंत, हो."

सेल्याने तिच्याकडे रागाने बघत तो खाल्ला. हिल्क्का गिळलेलं दिसेपर्यंत थांबली, आणि मग स्वतःच्या ताटाला हात लावला.