सत्तर एमएममधून गळालेले काका

उज्जैनच्या फलाटावर पेट्या उतरवताना हमालाने मला विचारलं, "साब, तोप लाए हो क्या?"

मी छाती फुगवून हो म्हटलं. एका पेटीत खरोखरच तोफ होती: नेहमीच्या फिल्मच्या दुप्पट रुंद फिल्मवर चित्र टिपणारा कॅमेरा. दुसऱ्या पेटीत साधा, पस्तीस एमएमचा. आमचा निर्माता म्हणत होता, साध्या फिल्मवर सिनेमा घेऊ आणि छापताना सत्तर एमएमला वाढवू. मी छायालेखक; मी म्हणत होतो, मुळातच मोठं टिपू. वाद मिटवायला क्षिप्रेच्या घाटावर दोन्ही कॅमेऱ्यांनी एकच दृश्य घ्यायचं ठरलं होतं.

सहायकांना पेट्यांसकट हॉटेलवर धाडलं आणि देवास गेटच्या गर्दीतून रिक्षाने माधव नगर गाठलं. तिथे वडिलांचे जुने स्नेही दिगंबरकाका राहतात. त्यांचे पूर्वज दरबारच्या दफ्तरात कामाला म्हणून इकडे आले ते इथलेच झाले. या घरातल्या मराठीत हिंदी न विचारता शिरते आणि पाटावर बसून जेवतेसुद्धा.

जेवायला बाफले (कणकेचे उकडून भाजलेले गोळे) होते. त्यांच्यावर तुपाची धार सोडत काकू म्हणाल्या, "शूटिंगला आलास ना? मग आमच्या हीरोला विचार. ह्यांनी पण फिल्ममध्ये काम केलंय. बस, ते कोणाला दिसलं नाही!"

काकांचा चेहरा पडला. मग कथा कळली. लग्नानंतर लगेचच घाटावर एका सिनेमाचं चित्रीकरण झालं. काका गर्दीत उभे राहिले, अगदी डाव्या टोकाला, हातात तांब्या घेऊन. सिनेमा शेजारच्या देवास गावातल्या साध्या थेटरात लागला होता. पण काकांनी अख्खं सासर मोटारीत कोंबून इंदूरला नेलं. का? तर तिथे सत्तर एमएमचा पडदा! पडद्यावर घाट आला, गर्दी आली, काका काही आले नाहीत. सिनेमा पडला, प्रती भंगारात गेल्या आणि काका सासरच्या गोतावळ्यात जन्माचे थापाडे ठरले.

"मी तिथं खडा होतो, कसम से," काका ताटात बघत पुटपुटले.

माझा घास हातातच राहिला. "काका, तुम्ही खरंच होतात! त्या काळी आपल्याकडे बहुतेक सत्तर एमएम सिनेमे साध्या फिल्मवर घेऊन वाढवायचे. त्यांची मूळ चौकट जास्त लांबट असायची, सत्तरची तेवढी नसते. उंची जुळवली की दोन्ही कडा छाटल्या जातात. तुम्ही त्या कडेत गेलात. देवासला पाहिला असतात तर दिसला असतात!"

"वा रे पठ्ठे," काकू म्हणाल्या, "ह्यांनीच तुला पट्टी पढवली ना?"

काका पहिल्यांदाच ताठ बसले. "उद्या मला तिथंच उभा कर. डाव्या टोकाला. दोन्ही कॅमेऱ्यांत. मग बघू कोण झूठा!"

सकाळी घाटावर काका ठेवणीतलं जाकीट घालून हजर. एका पंड्याने (यात्रेकरूंची पूजा सांगणारा ब्राह्मण) मोठ्या कॅमेऱ्याला हार घातला आणि कुंकवाचं बोट भिंगाकडे नेलं. मी असा काही झेपावलो की धोतरवाली मंडळी टाळ्या वाजवू लागली. कॅमेरा सुरू झाला तसा पिठाच्या गिरणीसारखा घरघरला. काका टोकाला खांबासारखे उभे. पायरीवरून काकूंचा आवाज आला, "पोट आत घ्या! झूठ बोलायचंय तर निदान चांगले दिसा!"

काकांनी पोट आत घेतलं, जागा सोडली नाही.

पुण्याला परतलो. लॅबमधून तीन चित्रं आली. पहिलं साध्या फिल्मवरचं: काका टोकाला. दुसरं, तेच वाढवून सत्तरच्या चौकटीत बसवलेलं: दाणेदार, धूसर घाट आणि काकांचा फक्त डावा कोपर. तिसरं मोठ्या फिल्मवरचं, मुळातच सत्तरच्या चौकटीत बसवून घेतलेलं: काका सबंध, जाकिटाचं तुटलेलं बटणसुद्धा स्पष्ट. निर्माता त्या चित्राला जवळजवळ नाक लावून उभा राहिला आणि शेवटी "बरं, मोठाच घ्या" म्हणाला. मी जिंकलो होतो. पण घरी येताना मनात निर्माता नव्हताच. उज्जैनहून लोक प्रसाद आणतात. मी एका माणसाचा कापला गेलेला तुकडा घेऊन आलो होतो आणि तो परत पोचवायचा होता.

तिन्ही चित्रं काकूंच्या मोबाइलवर पाठवली आणि फोन लावला.

"ह्यात आहेत," काकू हळूच म्हणाल्या. "आणि ह्यात... नुसता कोपर."

"तसंच झालं होतं, काकू."

मग आवाज फोनपासून लांब गेला. "अहो, ऐकलंत का? माझ्या इंदूरवाल्या भावाला फोन लावा. नाही, राहू द्या, मीच लावते. हे थापाडे आहेत म्हणून सगळ्यांना सांगत फिरले ती मीच ना!"

आणि मागून काकांचा, मी त्यांच्या तोंडून कधीच न ऐकलेला, ऐटदार आवाज आला:

"स्पीकरवर लाव."