मंडईचं आवतण आणि मोहाचे लाडू

माझ्या कारकिर्दीतल्या सर्वांत यशस्वी जाहिरातीबद्दल मी आजवर एकाही ग्राहकाला सांगितलेलं नाही.

मी चंद्रपुरात राहते आणि लोकांच्या धंद्यांसाठी फोनवर लिहिते. गडचांदूरच्या साडीच्या दुकानाची वर्णनं, एका दातांच्या डॉक्टरांच्या सूचना, शिकवणीवर्गाची कौतुकं, असं सगळं. हे मला कोणी शिकवलं नाही. चाळिशी उलटल्यावर, एक कान कुकरच्या शिट्टीकडे ठेवून, फुकटचे व्हिडिओ बघून मी शिकले. माझी हत्यारं म्हणजे फोटो सुधारणारं एक अॅप, ठरल्या वेळी पोस्ट आपोआप टाकणारं दुसरं अॅप, पोह्यांच्या डब्याला रबरानं बांधलेला फोन (हा माझा ट्रायपॉड!) आणि फ्रिजवर चिकटवलेली कामांची यादी. यादीतल्या कामावर काट मारली की मला पोटभर जेवल्यासारखं वाटतं.

माझी मोठी बहीण शशीताई पोंभुर्ण्याजवळच्या खेड्यात दिलेली. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती जंगलात जाऊन मोहफुलं वेचते, वाळवते आणि दिवाळीनंतर त्यांचे लाडू करते. इतकी वर्षं ते लाडू आम्ही नातेवाईकच संपवायचो. त्या वर्षी पहिल्यांदा ते विकायचं ठरलं. मी नमुना पाठवला आणि नागपूरच्या एका दुकानाच्या मालकीणबाईंचा फोन आला, "मी स्वतः येऊन माल बघते. पसंत पडला तर सगळा उचलते आणि पुढं दर हंगामात घेते."

ताईनं घरातली होती नव्हती ती सगळी मोहफुलं त्या लाडवांत घातली. (मोह पुन्हा गळणार तो थेट चैत्रात. हे तुम्ही लक्षात ठेवा, मी ठेवलं नव्हतं.)

"मंदा, हे जमलं ना, तं पुढच्या साली मी लोकायच्या बांधीत धान रोवन्याले नाई जानार," ताई पाकिटावर लेबल चिकटवत म्हणाली. "कंबर आता बोलते वो."

मी लगेच कामाला लागले. मालकीणबाईंना मी नेमकं मंडईच्या दिवशी बोलावलं. गर्दी दिसली की मालाला वजन येतं, असा माझा हिशोब. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, नाटक असतं आणि घरोघरी पाहुणे येतात. त्या दिवशी दारात आलेला माणूस ओळखीचा असो नसो, तो पाहुणा, आणि पाहुणा उपाशी जात नाही. मी याच मातीत वाढलेली. मला हे ठाऊक होतं. पण जाहिरात शिकवणाऱ्या व्हिडिओतल्या माणसाला ठाऊक नव्हतं, आणि त्या दिवसांत मी त्याचं ऐकत होते!

तो सांगायचा, 'ग्राहकाशी घरच्यासारखं बोला, आणि शेवटी त्यानं काय करायचं ते स्पष्ट सांगा.' मी स्पष्ट सांगितलं. ताईचा हसरा फोटो, घराचा नकाशा आणि खाली मजकूर, "बाप्पा, मंडईले आमच्या घरीच या! शशीताईच्या हातचा मोहाचा लाडू खाल्ल्याशिवाय जाऊ नका!" किंमत मी मुद्दाम दुसऱ्या पोस्टसाठी राखून ठेवली. मग फोनवरचे तालुक्यातले सगळे गट निवडले, पोस्ट दर तासाला आपोआप पडेल अशी सोय केली, यादीवर काट मारली आणि ताईच्या गावाला निघाले.

सकाळी अंगणात एक कुटुंब येऊन बसलं. ताईनं पाणी दिलं, चिवडा दिला, लाडू दिले. मला वाटलं, भाऊजींकडचे असतील. भाऊजींना वाटलं, आमच्या माहेरचे. ते जाईपर्यंत एक जीप आली. जीप रिकामी व्हायच्या आत ट्रॅक्टर आला.

"मंदा, हे कोन होत वो?" ताई आत येऊन कुजबुजली.

"मले काय मालूम?"

"तुले नाई तं कोनाले? ते तुयाच फोनचं नाव सांगून राह्यले!"

मी बाहेर गेले. डोक्याला फेटा बांधलेले एक आजोबा खाटेवर मांडी घालून बसले होते.

"भाऊ, कुठून आले जी?"

"धानोऱ्याहून." (धानोरा! अर्धी गडचिरोली ओलांडून!) "नातवानं फोनात दाखवलं. म्हटलं, एवढ्या मायेनं कोनी बलावते तं जावं लागते. आमाले तं सख्खी बहीनबी एवढं नाई बलावत."

"लाडू विकायचे आहेत," हे वाक्य मी जिभेवर आणलं आणि तिथेच गिळलं. आत जाऊन ताईला म्हटलं, "ताई, पाकिटं फोडू नको! ती विकायची आहेत!"

ताईनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी तिची पाटी फोडली होती तेव्हाही पाहिलं नव्हतं. "आवतन देऊन बलावलेल्या मानसाले लाडू इकू? मंडईच्या दिवशी?" आणि तिनं माझं सुंदर लेबल उभं फाडलं.

आता निदान पुढच्या पोस्टी थांबवायच्या, तर गावात नेटवर्क नाही! भाऊजी म्हणाले, भाताच्या तणसाच्या ढिगावर कधीमधी एक दांडी येते. मी साडी खोचून ढिगावर चढले. दोनदा घसरले. तिसऱ्यांदा दांडी आली, पण तेवढ्यावर पोस्टचं अॅप उघडेना, म्हणून मी घाईघाईनं गटांवर लिहिलं, "लाडू संपत आले. कृपया येऊ नका."

"वाच बरं काय लिवलं," खालून भाऊजी. मी वाचलं.

"येऊ नका? मंडईले येऊ नका? गावाचं नाक कापतं काय वो! खोड ते!"

मी ते खोडलं. उरलं ते वाक्य पाठवलं, "लाडू संपत आले." दांडी गेली. मग माझ्या लक्षात आलं, की व्हिडिओतल्या माणसाच्या धड्यांतला सर्वांत जालीम धडा मी बिनचूक वापरला होता. माल संपतोय म्हटलं की माणूस धावत सुटतो!

धावत सुटलेले लोक दुपारपर्यंत पोचले. दर तासाची पोस्टही आपलं काम इमानदारीनं करत होती. ताई, शेजारणी, भाऊजी, सगळे वाढत होते. मी भांडी घासत होते, कारण माझ्याकडे दुसरं काही द्यायची कोणाची हिंमत नव्हती.

त्याच गर्दीत नागपूरच्या मालकीणबाई आल्या. मी मोरीत. ताईनं त्यांना कधी पाहिलेलं नाही. तिनं प्रेमानं बसवलं, पाणी दिलं आणि शेवटच्या पाकिटातले शेवटचे दोन लाडू त्यांच्या ताटलीत ठेवले. बाईंनी खाल्ले. डोळे मिटून खाल्ले. मग म्हणाल्या, "मंदाताई कुठे आहेत? मी माल बघायला आले होते."

मी राखेच्या हातांनी बाहेर आले. "बाई, माल... तो तुम्ही आत्ता खाल्लात."

त्या हसल्या, पण दुकानाची फळी हसून भरत नाही. त्यांना दिवाळीनंतरचा माल तेव्हाच हवा होता. त्यांनी तो दुसरीकडून घेतला, आणि तिथलाच चालू ठेवला.

पावसाळ्यात मी गावी गेले तेव्हा घराला कडी होती. ताई दुसऱ्याच्या बांधीत गुडघाभर चिखलात वाकून रोवणा करत होती. मला पाहून सरळ झाली, कंबरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "आली का? चाय पेऊन जाजो." मी बांधावर उभी राहून मान हलवली.

काही दिवसांनी मालकीणबाईंचा पुन्हा फोन आला. मला वाटलं, लाडवांसाठी! "त्या दिवशी एवढी माणसं आणणारी जाहिरात कोणी केली होती हो? मला तसं माणूस हवंय."

"कोणास ठाऊक," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

पुढच्या मंडईला मी फोन चंद्रपुरातच ठेवून गेले. तरी अंगणात जीप होती, ट्रॅक्टर होता आणि खाटेवर धानोऱ्याचे आजोबा होते, यंदा व्याह्यांना घेऊन. एकदा जेवलेलं घर आपलं झालं, आता आवतण कशाला? ताईनं माझ्या हातात परात दिली.

"जा, वाढ. तुयेच पावने होत."

धंद्यात एकदा आलेला ग्राहक टिकवणं सर्वांत अवघड, असं व्हिडिओतला माणूस सांगतो. माझा एकही सुटलेला नाही. फक्त त्यांतल्या एकानंही अजून काही विकत घेतलेलं नाही!