बिनवर्गणीची तालीम

लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे मला ठाऊक आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पाटी धरली नाही. वडील सांगोल्याच्या बाजूला मेंढरं राखतात आणि कागदावर अंगठा देतात. अशा घरातल्या पोरानं बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आला म्हणून लगेच आठवणी लिहायला बसावं, हे थोडं आगाऊपणाचं आहे. वाचणाऱ्यानं क्षमा करावी. पण दोन वर्षांपूर्वी सोलापुरात मी जी भीती बाळगली, ती मी कुणाला नीट सांगितलेली नाही. तोंडानं सांगायला गेलो की मध्येच थांबतो. लिहून कदाचित शेवटपर्यंत जाता येईल.

भीती सुरू झाली ती एस.टी. स्टँडवरच्या वजनाच्या काट्यापासून. दहा पैसे टाकले की जाड पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. दिवाळीच्या सुट्टीला जाताना माझं वजन सेहेचाळीस किलो होतं. संक्रांतीच्या सुमारास ते त्रेचाळीस भरलं. काटा बिघडला असेल म्हणून मी आणखी दहा पैसे टाकले. पुन्हा त्रेचाळीस. मागचं भविष्य सांगत होतं की लवकरच प्रवासाचा योग आहे. ते वाचून मी तिकीट मोडून फेकलं.

कारण माझा चुलता असाच वाळत गेला होता. त्याला क्षय होता. मी तेव्हा तिसरीत होतो. त्याला वाड्याच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या कुंपणाच्या पलीकडं खोप घालून दिली होती, आणि त्याचा तांब्या वेगळा होता. त्या तांब्याच्या गळ्याला आईनं काळा दोरा बांधला होता, चुकून कुणी उचलू नये म्हणून. मी तहान लागली की त्या तांब्याकडं बघायचो आणि लांबून जायचो. चुलता गेल्यावर वडिलांनी तो तांब्या दगडानं ठेचला आणि ओढ्याच्या काठाला पुरला. धुतला नाही, विकला नाही. पुरला.

मला संध्याकाळी कणकण यायची. सकाळी खोकला यायचा. होस्टेलच्या खोलीत शेजारच्या खाटेवरचा मुलगा म्हणायचा, "तुझं घड्याळ बरं आहे रे, पाच वाजले की खोकतं." मी हसायचो आणि छातीवर हात दाबून धरायचो.

दवाखान्यात का गेलो नाही, असं कुणीही विचारील. मी मनाशी एक हिशेब मांडला होता. डॉक्टरनं कागदावर तो शब्द लिहिला की होस्टेल सुटणार, होस्टेल सुटलं की कॉलेज सुटणार, आणि मग वडील मला न्यायला येणार. त्यापेक्षा वजन वाढवावं. वजन वाढलं तर तो आजार नाहीच. चुलत्याचं वजन कधी वाढलं नव्हतं. एवढं सरळ वाटत होतं मला ते. म्हणून मी व्यायामशाळा शोधायला लागलो.

पहिली व्यायामशाळा बाजाराच्या अंगाला एका माडीवर होती. भिंतीला मोठाले आरसे, लोखंडी वजनं आणि शरीर कमावलेल्या माणसांचे फोटो. चालवणारे मास्तर टेबलामागं वर्तमानपत्र वाचत होते. मी दर विचारले.

"प्रवेश फी पाच, महिन्याला चार," ते म्हणाले. मग माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून, "तुझ्या मापाला अर्धी घ्यायला पाहिजे खरं तर. माणूस अर्धाच आहे."

"विद्यार्थ्यांना काही सवलत?"

"कॉलेजचं पत्र आण, प्रवेश फी सोडतो. तीन महिन्यांचे एकदम भरलेस तर बाराचे दहा."

मला आनंद झाला. शिष्यवृत्तीचे पैसे हातात होते. दहा रुपयांत तीन महिने, म्हणजे परीक्षेपर्यंतची सोय. मी खिशात हातही घातला. तेवढ्यात ते म्हणाले, "आणि डॉक्टरचा दाखला. छाती चांगली आहे म्हणून. मागं एक जण वजन उचलताना पडला, तेव्हापासनं आम्ही दाखल्याशिवाय घेत नाही."

मी हात खिशातून काढला. "उद्या घेऊन येतो," म्हणालो आणि जिना उतरलो. खाली येऊन मी कितीतरी वेळ केळीच्या गाड्याजवळ उभा होतो. केळीवाल्यानं दोनदा विचारलं, "घेतोस का नुसतं बघतोस?"

दुसरी व्यायामशाळा एका गिरणीची होती. ती कामगारांना फुकट आणि बाहेरच्यांना बंद. तिसऱ्या ठिकाणी वर्गणी महिना तीन, पण तिथंही भिंतीवर पाटी होती : दाखला आवश्यक. त्या पाटीखालून मी मान खाली घालून निघालो. जणू ती माझ्यासाठीच लावली होती.

तालमीचं मला वर्गातल्या एकानं सांगितलं. विणकरांच्या पेठेत मागांच्या खडखडाटात एक बुटकं दगडी दार होतं, आत तांबड्या मातीचा हौदा. वस्ताद साठीचे असतील, मुसलमान, पूर्वी नावाजलेले पैलवान. एक कान मोडून गोळा झालेला. मी वर्गणी विचारली तेव्हा ते हसले.

"वर्गणी? हितं वर्गणी न्हाय, बेटा. तीन गोष्टी हायत. रोज पहाटे माती खोदायची. नवा गडी म्हणून एकदा पावशेर तेल मातीला द्यायचं. आन् तिसरी, समद्यांनी एका तांब्यातनं प्यायचं."

"दाखला?"

"कसला दाखला?"

मी म्हणालो, "काही नाही." सोलापुरात याहून स्वस्त सौदा नव्हता. तेल पुढच्या शिष्यवृत्तीला देतो म्हटलं, तर तेही चालेल म्हणाले. तिसऱ्या अटीकडं मी लक्षच दिलं नव्हतं.

ती पहिल्याच दिवशी कळली. मेहनत झाली की गूळपाण्याचा मोठा पितळी तांब्या फिरायचा. तो वरून ओतून प्यायचा नाही, तोंड लावूनच प्यायचा. वस्तादांच्या वस्तादांनी घालून दिलेला नियम होता. त्या तालमीत पद्मशाली विणकर होते, मराठे होते, मुसलमान होते, आमच्या धनगरांतले दोन-तीन होते, चामड्याचं काम करणारे होते. ज्याला दुसऱ्याचं उष्टं चालत नाही त्याला ही माती चालत नाही, असं वस्ताद म्हणायचे.

तांब्या माझ्यापर्यंत आला आणि मला ओढ्याच्या काठाला पुरलेला तांब्या दिसला. मी तो ओठांपासून बोटभर अंतरावर धरला, घोट घेतल्यासारखी मान मागं केली आणि पुढं दिला. कुणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. पाच आठवडे रोज केलं. मला वाटायचं, मी निदान एवढं तरी पाप करत नाही. फुकट शिकतो आहे, लपवतो आहे, पण तांब्याला तोंड लावत नाही.

त्या पाच आठवड्यांत माझी जोड एका विणकराशी लागली होती. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, तेलुगू बोलणारा, मराठी जरा तोडून बोलायचा. सातवीपर्यंत शिकलेला. मला तो 'प्रोफेसर' म्हणायचा. "प्रोफेसर, मानेवर हात टाक. पुस्तक नाही धरायचं, मान धरायचं." एका खोलीत त्याचा माग, बायको सुताच्या कांड्या भरायची आणि मागाच्या आवाजात चार महिन्यांची मुलगी झोपायची. हे सगळं तो कुस्ती धरल्या धरल्याच सांगायचा, कपाळाला कपाळ लावून. मला डाव जमत नव्हते, पण त्याच्या बोलण्यानं बरं वाटायचं. स्टँडवर जाऊन वजन करायचं मात्र धाडस होत नव्हतं.

एका शनिवारी तो हसत म्हणाला, "वस्ताद, हा प्रोफेसर पीत नाही. मी बघतो रोज. गळा हलत नाही त्याचा."

पहिल्यांदा सगळे हसले. एक जण म्हणाला, "कॉलेजात चहा पीत आसंल, गूळपाणी कसं चालंल?" मग एकाचं हसू थांबलं. तो म्हणाला, "चहा न्हाय. वस्ताद मुसलमान हायत म्हणून. एवढे दिवस मातीत लोळतोय, आन् पाण्यानं बाटतोस व्हय रं?"

शेजारचे माग तेवढे ऐकू येत होते. वस्तादांनी माझ्याकडं बघितलं. रागावून नाही. असं पूर्वीही कुणीतरी केलं असावं, तसं बघितलं. मला ती नजर सोसली नाही.

"तसं नाही, वस्ताद," मी म्हणालो.

"मग कसं, बेटा?"

"माझ्या चुलत्याला क्षय होता. मलाही असावा. तुम्हाला होऊ नये म्हणून पीत नव्हतो."

जवळ उभे असलेले दोघे मागं सरले. मघाशी बोलणाऱ्यानं मान खाली घातली. वस्तादांनी तांब्या कोनाड्यात ठेवला आणि म्हणाले, "शर्ट घाल."

"कुठं जायचं?"

"शर्ट घाल म्हणलं की."

ते मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासायला दिली. चार दिवसांनी बोलावलं. ते चार दिवस मी कसे काढले ते लिहिता येणार नाही. लेक्चरला बसायचो आणि वहीत नुसत्या रेघा ओढायचो.

चौथ्या दिवशीही वस्ताद बरोबर आले. डॉक्टर तरुण होते. फोटो उजेडाकडं धरून त्यांनी डाव्या बाजूला वर बोट ठेवलं. "हा डाग. सुरुवात आहे. घाबरू नकोस, इंजेक्शनं आणि गोळ्या दीड वर्ष नेमानं घेतल्यास तर बरा होशील. आता कुणी यानं मरायचं कारण नाही."

चुलत्याचं काय मग, असं मनात आलं. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, मी कुणाच्या भांड्याला तोंड लावलेलं नाही. एकदाही नाही."

ते म्हणाले, "भांड्यानं नाही होत हा. खोकल्यानं होतो, श्वासानं. तोंडाजवळ तोंड असलं की. घरी कुणाजवळ झोपतोस?"

वस्ताद माझ्याकडं बघत होते. मी त्यांच्याकडं बघू शकलो नाही. पाच आठवडे मी तांब्या बोटभर लांब धरला होता आणि रोज पहाटे जोडीदाराच्या तोंडावर श्वास टाकत होतो. खोकला आला की त्याच्याच खांद्यावर तोंड दाबत होतो, कुणाला कळू नये म्हणून. आणि तो घरी जाऊन मुलीला उचलून घेत होता.

वस्तादांनीच सांगितलं. "हा होस्टेलात ऱ्हातो आन् तालमीत येतो, साहेब. जोड हाय त्याची. जोडीदाराला तान्ही पोर हाय."

"सगळ्यांना आणा," डॉक्टर म्हणाले. "घरच्यांनाही, आणि याच्या खोलीतल्या मुलालाही."

बाहेर आल्यावर मी वस्तादांच्या पायावर डोकं ठेवायला वाकलो. त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं. "माझ्या पाया पडून काय व्हणार? गावाला जा. गोळ्या चुकवू नको. हितलं मी बघतो." मी विचारलं, त्यांना भीती वाटत नाही का. ते म्हणाले, "वाटती की. लई वाटती."

मी गावी आलो. वडिलांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ मेंढराच्या अंगावरचे काटे काढत बसले. आईनं माझ्यासाठी वेगळा तांब्या काढला. भांड्यानं होत नाही हे मी तिला सांगितलं, तिनं मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी तांब्याच्या गळ्याला काळा दोरा होता. मी तो सोडला नाही. तिची भीती मला कळत होती.

रोज मैलभर चालून मी इंजेक्शन घ्यायला जायचो. अंगात हळूहळू ताकद यायला लागली, ताप गेला. पण मन ठिकाणावर नव्हतं. विणकरांना पाळी सोडून दवाखान्यात जाणं सोपं नव्हतं, कोण गेलं, कोण राहिलं, कळायला मार्ग नव्हता. स्वप्नात मला मागाचा आवाज यायचा आणि तो थांबला की मी दचकून उठायचो. आमच्याकडं पोस्टमन आठवड्यातून दोनदा यायचा. त्याची सायकल दिसली की मी मेंढरांच्या मागं जाऊन उभा राहायचो. बातमी हवी होती आणि नको होती.

दोन महिन्यांनी कार्ड आलं. वडिलांनी ते घेतलं आणि उलटं धरून माझ्याकडं आणलं. "काय हाय बघ," म्हणाले आणि तिथंच बसले.

अक्षर जोडीदाराचं होतं. प्रोफेसर, असं वर लिहिलं होतं. खाली लिहिलं होतं की उन्हाळ्यामुळं माती कोरडी पडते, पाणी जास्त लागतं. वस्तादांचा गुडघा दुखतो. मला येता येत नाही म्हणून माझ्या वाटणीची माती तोच खोदतो. माझं पावशेर तेल बाकी आहे, ते वस्ताद विसरलेले नाहीत. माझे डोळे ओळींवरून पळत होते आणि पाहिजे ती ओळ सापडत नव्हती. कार्ड संपलं. मी ते पुन्हा वरपासून वाचायला लागलो.

"काय लिवलंय?" वडील म्हणाले. "बोल की."

मग मला दिसलं. जागा पुरली नव्हती म्हणून त्यानं पत्त्याच्या कडेला कार्ड आडवं करून बारीक अक्षरात लिहिलं होतं. मी ते वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

"समद्यांचे फोटो साफ निघाले, तुझ्या खोलीतल्याचा पण. माझा पण साफ. बायको आणि पोरीला डॉक्टरनं दोनदा तपासलं, दोघींना काही नाही."